पार्श्वभूमी : शहरालगतची जुनी गोल्फ मैदाने यादीबाहेर कशी राहिली

सर्वोत्तम गोल्फ मैदानांच्या याद्या करताना, मोठ्या शहरापासून तासाभराच्या अंतरातली, पैसे भरून कुणालाही खेळता येणारी जुनी मैदाने ‘चांगली आहेत, पण छोटी’ या एका शेऱ्यावर निकालात निघतात. ती छोटी का आहेत, याचे उत्तर जमिनीत आहे. छोटे म्हणजे दुय्यम हे समीकरण मात्र बरेच नंतर, साठच्या दशकापासून पुढे बसत गेले, आणि त्यामागे काही ठरावीक आकडे आहेत.

जमिनीचा भाग थोडक्यात असा. एडिनबर्गमध्ये ब्रन्ट्सफील्ड लिंक्स या मोकळ्या माळावर वस्तीची आणि खेळाडूंची गर्दी मावेना, तेव्हा नगर परिषदेने १८८९ साली ब्रेड हिल्सच्या टेकाडांवर सार्वजनिक मैदान उघडले. न्यूयॉर्कचे व्हॅन कोर्टलँड पार्क १८९५चे. सुरुवातीला नऊ होल (होल म्हणजे चेंडू टाकायचे छिद्र आणि तिथवरचा टप्पा), १८९९पासून अठरा. ही आखणी गटापर्चाच्या, म्हणजे झाडाच्या घट्ट चिकाच्या, चेंडूसाठी होती. शतक पालटताना रबरी गाभ्याचा चेंडू आला, फटका लांबला आणि मैदाने वाढवायची वेळ आली. तोवर शहरातल्या मैदानांना रस्ते, लोहमार्ग आणि घरांनी वेढले होते. त्यामुळे अनेक मैदाने शे-सव्वाशे एकरांत आणि साडेपाच-सहा हजार यार्डांतच अडकली. लंडनच्या नैर्ऋत्येकडच्या हीथच्या, म्हणजे झुडपी, माळांवरची मैदाने, म्हणजे १९०१चे सनिंगडेल किंवा १९०४चे वॉल्टन हीथ, नशीबवान म्हणायची. शेतीला निरुपयोगी म्हणून स्वस्त मिळालेली ती रेताड जमीन पाणी शोषून घेते आणि हिवाळ्यातही टणक राहते. पालिकांच्या वाट्याला बहुधा चिकणमाती, पूररेषेतले पट्टे किंवा भराव आला. तिथे पावसाळी आठवड्यानंतर चेंडू पडतो तिथेच रुतून बसतो, मग ग्रीन, म्हणजे छिद्राभोवतीचे बारीक कापलेल्या गवताचे भाग, कितीही कल्पक असोत.

एक अपवाद अधूनमधून पुढे केला जातो. लाँग आयलंडवरचे बेथपेज ब्लॅक १९३६ साली, मंदीच्या काळातल्या रोजगार योजनेतून, सरकारी जमिनीवर उभे राहिले. लांब, रुंद, खोल बंकरांचे (वाळूच्या खड्ड्यांचे). पण त्याच्याजवळ जागा होती. शहराच्या पोटातल्या मैदानाची तुलना त्याच्याशी करण्यात अर्थ नाही.

खरी गोम १९६६मधली आहे. त्या वर्षी एका अमेरिकी गोल्फ मासिकाने देशातल्या २०० सर्वांत कठीण मैदानांची यादी छापली. निवडीचा मुख्य आधार लांबी आणि अधिकृत कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला लागणाऱ्या फटक्यांचा अंदाज). यादी ‘कठीण’ची होती आणि तसे स्पष्ट म्हटलेलेही होते. पुढच्या दशकात तीच यादी टप्प्याटप्प्याने ‘सर्वोत्तम १००’ झाली. निकष वाढले, परीक्षक वाढले, पण कमी फटक्यांत फेरी पूर्ण होऊ न देण्याचा गुण स्वतंत्र निकष म्हणून कित्येक वर्षे टिकला. या निर्णयावर आजही दोन तट आहेत. समर्थक म्हणतात की सुरुवात मोजता येणाऱ्या गोष्टीपासूनच करावी लागते आणि सौंदर्याला आकडा देता येत नाही. मुद्दा गैर नाही. परिणाम मात्र एकाच बाजूला झाला : ६,००० यार्डांचे मैदान शर्यतीत उतरण्याआधीच बाद. नवी मैदाने बांधणाऱ्यांनीही हे ओळखले आणि टी, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागा, मागे सरकत गेल्या.

ऐंशीच्या दशकात त्यावर स्लोपची भर पडली, आणि या आकड्याइतका गैरसमज गोल्फमधल्या दुसऱ्या कुठल्या आकड्याविषयी क्वचितच असेल. स्कोअरकार्डवर ‘६७.२ / ११८’ असे छापलेले असते. पहिला आकडा कोर्स रेटिंग, म्हणजे स्क्रॅच, म्हणजे कोणतीही सवलत न लागणाऱ्या निष्णात, खेळाडूला लागावेत असे फटके. दुसरा स्लोप. तो ५५ ते १५५च्या दरम्यान असतो, प्रमाण मूल्य ११३. क्लबहाउसमध्ये आणि जाहिरातीत तो ‘मैदान किती कठीण’ याचा आकडा म्हणून सांगितला जातो, आणि तिथेच गल्लत होते. स्लोप सांगतो तो स्क्रॅच आणि बोगी (मध्यम कुवतीच्या) खेळाडूंमधला फरक. पुरुषांसाठी बोगी रेटिंगमधून, म्हणजे बोगी खेळाडूला लागावेत त्या फटक्यांमधून, कोर्स रेटिंग वजा करायचे आणि ५.३८१ने गुणायचे, महिलांसाठी गुणक ४.२४.

समजा, एका छोट्या मैदानाचे कोर्स रेटिंग ६६ आणि बोगी रेटिंग ८८ आहे. फरक २२, स्लोप ११८. दुसऱ्या लांबलचक मैदानाचे ७५ आणि ९७. फरक पुन्हा २२, स्लोप पुन्हा ११८. दोन मैदानांत नऊ फटक्यांचे अंतर आणि स्लोप मात्र एकच. नुसता स्लोप पाहून मैदान निवडणाऱ्याच्या हे लक्षातच येत नाही.

रेटिंग पथक काय मोजते तेही पाहावे. पुरुष स्क्रॅच खेळाडू टीवरून २५० यार्ड मारतो आणि ४७० यार्डांचे होल दोन फटक्यांत गाठतो. बोगी खेळाडू २०० यार्ड मारतो आणि ३७० यार्डांपर्यंत दोन फटक्यांत पोहोचतो, असे धरलेले असते. या गृहीतकांवर होलची परिणामकारक लांबी काढतात. त्यात चेंडूची घरंगळ, चढउतार, डॉगलेग (होलचे मधले वळण), वारा आणि समुद्रसपाटीपासूनची उंची येते. मग बंकर, पाणी, झाडे, ग्रीनचा पृष्ठभाग असे अडथळे धरतात. अंतिम रेटिंगमध्ये सर्वांत मोठा वाटा लांबीचाच राहतो. टीसमोर १६० यार्डांचे तळे असले की बोगी खेळाडू फसतो, स्क्रॅच खेळाडूला ते दिसतही नाही. फरक वाढतो, स्लोप चढतो. याउलट मागून पुढे तिरका उतरणारा ग्रीन, जिथे छिद्राच्या वरच्या बाजूला थांबलेला चेंडू दोघांनाही तीन पुट (ग्रीनवरचे सरपटते फटके) करायला लावतो, स्लोपमध्ये फारशी भर घालत नाही. शहरालगतच्या जुन्या मैदानांचे सगळे बळ अशाच ग्रीनमध्ये असते. तळी खोदून स्लोप वाढवणे सोपे आहे, आणि पुढच्या दोन दशकांत गृहप्रकल्पांभोवती बांधलेल्या मैदानांनी तेच केले.

हँडिकॅपच्या, म्हणजे कुवतीनुसार फटक्यांची सवलत देण्याच्या, कामासाठी हा आकडा चोख आहे, हे मान्य करायलाच हवे. २०२०पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत खेळाडूच्या इंडेक्सला (त्याच्या कुवतीच्या आकड्याला) स्लोपने गुणून ११३ने भागायचे आणि त्यात कोर्स रेटिंग वजा पार (मैदानासाठी ठरलेले फटके) मिळवायचे. इंडेक्स १८.० असेल तर पार ७०च्या, ६७.२ / ११८ मैदानावर १६ फटके मिळतात. पार ७२च्या, ७३.४ / १३८ मैदानावर २३. छोट्या मैदानावर ‘आज फार कमी फटके मिळाले’ ही तक्रार ऐकू येते ती यामुळेच. हिशेब बरोबर असतो. मैदान सोपे आहे असा त्यातून काढलेला निष्कर्ष बहुधा चुकतो.

तिसरा आकडा ग्रीनच्या वेगाचा. तो मोजायचे साधन म्हणजे ३६ इंचांची, खोबण असलेली धातूची पट्टी, खालच्या टोकापासून ३० इंचांवर खाच. पट्टी साधारण २० अंशांपर्यंत उचलली की चेंडू सुटतो. सपाट जागेवर तीन चेंडू एका दिशेने, तीन उलट दिशेने, आणि दोन्हींकडे चेंडू किती दूर गेले याची सरासरी फुटांत. हे साधन १९३५चे, पण सुधारून मैदानांना वाटले गेले ते १९७८मध्ये. हेतू होता एकाच मैदानावरचे अठराही ग्रीन सारख्या वेगाचे ठेवण्याचा. झाले भलतेच : मैदानामैदानांत वेगाची चढाओढ लागली. तेव्हाच्या मोजणीत सर्वसाधारण ग्रीन साडेसहा फुटांच्या आसपास होते. आता दहाच्या खाली असले तर परीक्षक ‘मंद’ लिहितो. जुन्या, चार-पाच टक्के उताराच्या ग्रीनवर दहा फुटांचा वेग ठेवला तर चेंडू छिद्राजवळ थांबणे अवघड होते आणि झेंडा लावायला जागा उरत नाही. अशा ग्रीनला आठ फूट योग्य. आठ ठेवले की देखभालीचे गुण जातात, आणि दहासाठी उतार सपाट केला की मैदानाची ओळखच जाते.

देखभालीतला दुसरा पेच वर्दळीचा. सार्वजनिक मैदानावर सात-आठ मिनिटांच्या अंतराने चौकडी सुटते. चिकणमातीवर पावलांनी माती दबते, हवा आणि पाणी मुळांपर्यंत जात नाही. उपाय माहीत आहे : १२ मिलिमीटरच्या पोकळ दात्यांनी पाचेक सेंटिमीटर अंतरावर, आठ-दहा सेंटिमीटर खोल माती काढायची आणि भोके वाळूने भरायची. त्यानंतर दोन-तीन आठवडे पुट उड्या मारतो, खेळाडू कुरकुरतात, म्हणून व्यवस्थापन हे काम पुढे ढकलते. दोन हंगाम ढकलले की वर मृत मुळा-काड्यांचा स्पंजासारखा थर साचतो, पाणी वरच राहते आणि उन्हाळ्यात ग्रीन जळतात. पाहणाऱ्याला वाटते मैदानच सुमार आहे.

आखणी आणि निगा वेगळी करून पाहायची तर काही खुणा उपयोगी पडतात. ग्रीनच्या कडेपासून पाच-सहा मीटर दूर पडलेला बंकर म्हणजे ग्रीन आकसला आहे. तीन पात्यांचे बसून चालवायचे यंत्र आल्यापासून कोपरे गोल कापले गेले आणि चौकोनी ग्रीन लंबवर्तुळ झाले. मातीचा चौथरा अजून तसाच दिसत असेल तर कडेचे गवत दर आठवड्याला थोडे थोडे खाली आणत जुने कोपरे परत मिळवता येतात; मोठे खोदकाम लागत नाही. पूर्वेकडे दाट झाडी असलेला ग्रीन कायम अशक्त राहतो, कारण सकाळचे ऊन मिळत नाही आणि मुळे पाणी ओढतात. ही झाडे बहुधा मूळ आखणीतली नसतात, युद्धानंतर फेअरवे (टी ते ग्रीनमधले कापलेल्या गवताचे पट्टे) ‘वेगळे दिसावेत’ म्हणून लावलेली असतात. पार तीनची (तीन फटक्यांत संपवायची) सगळी होल सारख्याच क्लबने खेळावी लागत असतील तर मात्र दोष आखणीचाच समजावा.

प्रतिष्ठा किती चंचल असते याचे उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचे हार्डिंग पार्क. १९२५चे हे पालिकेचे मैदान इतके खालावले होते की १९९८च्या यूएस ओपनच्या वेळी, स्पर्धा शेजारच्या क्लबवर असताना, त्याचा वापर गाड्या लावायला झाला. दुरुस्तीनंतर २०२० साली तिथेच पीजीए चॅम्पियनशिप भरली. बेथपेज ब्लॅकचेही तसेच : डागडुजी झाली आणि २००२ साली यूएस ओपन. दोन्हींकडे लांबी वाढवायला जागा होती, ही गोष्ट कौतुकाच्या भरात विसरली जाते. अधिक बोलके उदाहरण ऑर्लँडोजवळच्या विंटर पार्कचे. नऊ होल, २,५०० यार्डांच्या आतबाहेर, घरांच्या आणि रस्त्यांच्या मधोमध. २०१६मध्ये तिथे मुख्यत्वे ग्रीन आणि बंकर नव्याने केले, लांबीच्या मागे कुणी लागले नाही, आणि मैदान गर्दीने भरले. अठरा होल गृहीत धरणाऱ्या यादीत त्याला रकानाच नाही.

२०२०नंतर खेळाडूंची संख्या वाढली आणि याच मैदानांवर ताण आला, पण जमिनीचा प्रश्न त्याआधीपासूनचा आहे. आग्नेय लंडनमधले बेकनहॅम प्लेस पार्कचे सार्वजनिक मैदान २०१६ साली बंद होऊन उद्यानात विलीन झाले. सिडनीत मूर पार्कचे अठरा होलचे मैदान नऊवर आणून उरलेली जागा उद्यानाला देण्याचा निर्णय २०२३ साली जाहीर झाला. अशा वादात दोन्ही बाजू वर्षाकाठच्या फेऱ्या, एकर आणि उत्पन्न मांडतात. ग्रीन कुणी आखले, उतार किती जुने आहेत, मूळ आखणी किती शाबूत आहे याची नोंद बहुतेक पालिकांकडे नसते. त्यामुळे ती चर्चेच्या टेबलावर येतही नाही.