प्रोस्टेट कॅन्सरचे उपचार आणि आकडीचा प्रश्न : पार्श्वभूमी

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक तोडले की पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर आटोक्यात येतो, हे १९४१ मध्ये शिकागोत सिद्ध झाले. १९८५ च्या सुमारास अंडकोष काढण्याच्या शस्त्रक्रियेला इंजेक्शनांचा पर्याय आला आणि त्यासोबत एक नवा धोकाही. या जुन्या प्रकारच्या इंजेक्शनांमुळे पहिले एक-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढते. मणक्यात कॅन्सर पसरलेला असेल तर तेवढ्यात मज्जारज्जू दाबला जाऊन पाय लुळे पडू शकतात. म्हणून सोबत काही दिवस टेस्टोस्टेरॉनचा परिणाम रोखणारी विरोधी गोळी देण्याची पद्धत पडली. पिट्युटरी या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीत न कळलेली गाठ असलेल्या एखाद्याला पहिल्या इंजेक्शननंतर काही तासांत किंवा दिवसांत असह्य डोकेदुखी, उलट्या आणि दृष्टीचा त्रास झाल्याच्याही नोंदी आहेत. अंडकोष काढल्यावर टेस्टोस्टेरॉनची अशी उसळी येत नाही. पुणे परिसरातली जी कुटुंबे खर्चाकडे बघून शस्त्रक्रियेला होकार देतात, त्यांच्या निर्णयाला कमी लेखण्याचे कारण नाही.

आकडीचा, म्हणजे फिट येण्याचा, प्रश्न खऱ्या अर्थाने पुढे आला तो टेस्टोस्टेरॉनचा परिणाम अडवणाऱ्या एन्झालुटामाइड या औषधामुळे. सुरुवातीच्या चाचणीत १४० पुरुषांना रोज ३० ते ६०० मिलिग्रॅमपर्यंत डोस दिले गेले. ३६० आणि ६०० मिलिग्रॅमवर आकडी आली, ४८० वर एक संशयित घटना घडली. हे औषध मेंदूत शिरते आणि चेतापेशींना आवरणाऱ्या गाबा या रसायनाचे काम अडवते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. पुढे १६० मिलिग्रॅमचा डोस ठरला आणि मोठ्या चाचण्यांतून आकडीचा इतिहास किंवा तिची शक्यता वाढवणारे आजार असलेल्यांना वगळण्यात आले.

खरा प्रश्न या वगळण्याचा आहे. त्या वेळी रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी ते योग्यच होते. पण औषधाला २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती ज्या चाचणीवर, तिच्यात औषध घेणाऱ्या ८०० पुरुषांपैकी पाच जणांना, म्हणजे ०.६ टक्के लोकांना आकडी आली, आणि हे सगळे चाळून घेतलेले पुरुष होते. ओपीडीत येणारा पंचाहत्तरीचा माणूस तसा नसतो. त्याला कधीतरी पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन गेलेला असतो, हाडांच्या दुखण्यासाठी ट्रामाडॉल चालू असते, आणि ट्रामाडॉलनेही आकडीची शक्यता वाढते. ‘दुर्मीळ’ हा शिक्का त्याला तसाच लावणे मला मान्य नाही. असा धोका असलेल्यांचा स्वतंत्र अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चार महिन्यांत ३६६ पैकी चौघांना, म्हणजे १.१ टक्के पुरुषांना आकडी आली. आकडा घाबरवणारा नाही. पण तो कळायला मान्यतेनंतर सहा वर्षे जावी लागली, आणि तोवर डॉक्टरांना अंदाजानेच निर्णय घ्यावे लागले.

मधल्या काळात, २०१६ मध्ये, भारतात या औषधाचा पेटंट अर्ज फेटाळला गेला. देशी कंपन्यांची स्वस्त आवृत्ती बाजारात आली आणि ज्यांना ते आधी परवडत नव्हते अशा घरांतही पोहोचले. ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र ‘कधी फिट आली होती का, डोक्याला मार लागला होता का, दुखण्यासाठी काय घेता’ हे प्रश्न प्रिस्क्रिप्शन लिहिण्याआधी विचारले गेले पाहिजेत, आणि घरच्यांनीही न विचारता सांगितले पाहिजे. २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले डॅरोलुटामाइड हे त्याच प्रकारचे औषध मेंदूत फार कमी शिरते, त्यामुळे अशा रुग्णांसाठी आज त्या पर्यायाचा विचार करता येतो.

केमोचा भाग वेगळा. डोसिटॅक्सेल हे केमोचे औषध २००४ पासून या आजारात वापरात आहे आणि त्याने तळपायांना मुंग्या, बधिरपणा येतो. पुण्यात या त्रासाचे सगळे खापर केमोवर फोडण्याआधी थांबायला हवे. पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६७ टक्क्यांमध्ये बी१२ हे जीवनसत्त्व कमी आढळले होते, शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांमध्ये. बी१२ कमी असले की पाय असेच बधिर होतात, मधुमेहानेही होतात, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या मेटफॉर्मिनने बी१२ आणखी खाली जाऊ शकते. केमोचा डोस कमी करण्याआधी बी१२ ची साधी रक्ततपासणी झालेली असावी. कमतरता सापडली तर ती इंजेक्शनांनी भरून काढता येते.