कूलरची खिडकी

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरात गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर कूलर काढला. खिडकीच्या चौकटीची खालची पट्टी वरून ठणठणीत होती, हिरवा ऑइल पेंट जागच्या जागी. सुतारानं पटाशीचं टोक टेकवलं आणि ते बोटभर आत गेलं. आतलं लाकूड तपकिरी पडलेलं, उभ्याआडव्या भेगांनी त्याचे चौकोनी तुकडे झालेले. चिमटीत धरताच भुकटी. त्यातून पांढऱ्या वाळव्या सैरावैरा पळाल्या.

"भाऊ, ओल्या लाकडाले रंग मारला तुमी. सुकू द्या लागत होतं ना जी."

निम्मं विज्ञान या वाक्यात आलं. ते चौकोनी तुकडे वाळवीचं काम नव्हे, बुरशीचं. ही बुरशी लाकडातलं सेल्युलोज, म्हणजे त्याचे तंतू खाते आणि ते तंतू बांधून ठेवणारं तपकिरी लिग्निन मागे टाकते. तिला पाणी लागतं. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून कमी ओल असेल, तर ती वाढत नाही. २८-३० टक्क्यांपुढे मात्र तिचं चांगलंच फावतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की नागपुरात लाकूड कडकडीत वाळतं, बुरशीला थारा उरत नाही. नेमके तेच महिने आपण कूलर लावून त्या एका चौकटीवर पावसाळा आणतो. वर ऑइल पेंटचा थर असला, की भेगांतून शिरलेलं पाणी आतच कोंडतं.

वाळवीचंही पाण्यावाचून अडतं. तिचं अंग मऊ, उघड्यावर लगेच सुकणारं. म्हणून ती जमिनीतून भिंतीवर मातीची बोगद्यासारखी नळी बांधत येते. नळी मध्येच थोडी फोडून ठेवा. दोन दिवसांत ती पुन्हा लिंपली गेली, तर आत राबता चालू आहे. आपल्याकडच्या बऱ्याच वाळव्या खाल्लेल्या लाकडाच्या लगद्यावर वारुळात बुरशीची शेती करतात, कारण लिग्निन पचवणं त्यांना एकट्यांना जमत नाही. पावसाळ्यात आपण चवीनं खातो त्या सात्या, म्हणजे रानातल्या खायच्या अळंब्या, याच शेतीतून वर आलेल्या असतात. रानात ही जोडी सोनं करते, पडलेल्या झाडाची माती करते. आपल्या तुळईत आणि झाडाच्या ओंडक्यात फरक असतो, हे तिला कसं कळावं!

जुन्या वाड्यांतले खांब पाहा. सागवानी खांब थेट जमिनीत न रोवता दगडी तळखड्यावर उभा असतो. त्यामुळे जमिनीची ओल लाकडात चढत नाही आणि वाळवीला दगडावरून उघड्यानं यावं लागतं, तिची नळी लपत नाही. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक मात्र नाजूक. आडव्या कापलेल्या लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, त्या पाणी शोषतात. छपराचं एक कवेलू सरकलं की आधी सडतं ते हे टोक.

"सागाला वाळवी लागत नाही" हे अर्धंच खरं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं असतात, ती वाळवीला सोसत नाहीत. बाहेरच्या फिकट लाकडात ती जवळपास नसतातच, उलट तिथं भुंग्यांना आवडणारा स्टार्च असतो. बारीक भोकं आणि खाली टाल्कम पावडरीसारखा भुसा दिसला, की समजावं भुंगा याच पांढऱ्या लाकडात आहे. कोवळ्या झाडात हा भाग जास्त, म्हणून आरा मशीनवर लाकूड घेताना भावाआधी कापलेलं टोक बघावं.

लाकूड टिकवायच्या औषधांमध्ये आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं मिश्रण शोधलं, ते जगभर वापरलं गेलं. आर्सेनिकमुळे अनेक देशांनी घरगुती वापरातून ते पुढे काढून टाकलं. घरात बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं द्रावण बरं. ते ओलसर लाकडात आपोआप खोलवर झिरपतं. पावसात मात्र धुऊन जातं. गाडीचं जळालेलं ऑइल फासणं मला पटत नाही, ते वरच राहतं आणि वाळवी आतून येते.

आमच्या सुतारानं सडलेल्या भागापलीकडचं चार बोटं चांगलं लाकूडही कापलं, बुरशीचे धागे तिथवर गेलेले असतात म्हणून. जोड दिला तो जुन्या सागाच्या गाभ्याचा. पट्टीला बाहेरच्या बाजूनं उतार, खालून पाणी गळून पडायला एक खाच. कूलर आता लोखंडी स्टँडवर, चौकटीपासून दोन बोटं लांब. रंग त्यानं दिवाळीपर्यंत लावू दिला नाही.