पेरिलाचं तेल तिळाचं नव्हे

कोरियन पेरिलाचं तेल म्हणजे तिळाच्या तेलाचाच प्रकार, ओट्यावर ठेवलं तरी टिकतं, हा समज चुकीचा आहे. पेरिला ही तुळशी-पुदिन्याच्या कुळातली वनस्पती. त्याच्या तेलात साधारण ५५ ते ६० टक्के अल्फा-लिनोलेनिक आम्ल (एक ओमेगा-३ मेदाम्ल) असतं, तिळाच्या तेलात १ टक्क्याहूनही कमी. हे आम्ल हवेतला ऑक्सिजन भराभर घेतं आणि तेल खवट होतं. बाटली उघडली की फ्रीजमध्ये ठेवा, महिनाभरात संपवा. कोरियात ८ भाग पेरिलाच्या तेलात २ भाग तिळाचं तेल मिसळतात. तिळाच्या तेलातले घटक खवटपणा लांबवतात. तळणीला मुळीच नको, उकडलेल्या पालेभाजीवर शेवटी चमचाभर पुरे.

ऑक्सिजन घेण्याच्या याच खोडीचा जपानी कारागिरांना मात्र उपयोग झाला: कागदी छत्रीवर या तेलाचा पातळ थर दिला की तो सुकून पाणी अडवतो. वार्निशातही ते वापरतात. तेलकट चिंध्यांचा ढीग मात्र ठेवू नये, आपोआप पेट घेऊ शकतो.