फोम-साच्यातील काँक्रीट भिंत

काँक्रीट ओतण्यासाठी बांधलेला साचा नंतर न काढता भिंतीतच कायम ठेवायचा, आणि तो साचा लाकूड-पत्र्याऐवजी उष्णतारोधक फोमचा करायचा, अशी ही बांधकामपद्धत आहे. उत्तर अमेरिकेत ती ‘आयसीएफ’ (इन्सुलेटिंग काँक्रीट फॉर्म्स) या आद्याक्षरांनी ओळखली जाते. तिकडे घरांच्या तळघरांमध्ये ती विशेष रुजली आणि पुढे संपूर्ण इमारतींसाठीही वापरात आली. केंटकी राज्यातील रिचर्ड्सव्हिल प्राथमिक शाळा (2010) वर्षभरात जेवढी वीज वापरते तेवढी स्वतः निर्माण करेल, अशा हिशेबाने बांधली गेली. तिच्या भिंती याच पद्धतीच्या आहेत.

फोम म्हणजे बहुतेक वेळा फुगवलेले पॉलिस्टायरिन, आपल्या बोलण्यातले थर्माकोल. पेंटेन वायू सामावलेले प्लास्टिकचे बारीक दाणे वाफेने फुगवतात आणि साच्यात पुन्हा वाफ देऊन एकमेकांना चिकटवतात. तयार ठोकळ्यात सुमारे 98 टक्के हवा असते. गणपतीच्या मखराला किंवा टीव्हीच्या खोक्यात येते ते थर्माकोल मात्र भिंतीला चालत नाही. बांधकामाचा फोम घनमीटरला साधारण 22 ते 25 किलो भरतो. अंगठ्याने दाबला तर खळगा पडतो, पण दाणा सुटून येत नाही.

उष्णता वाहून नेण्यात काँक्रीट आणि फोम यांच्यात किती अंतर आहे, हे भल्याभल्या बांधकाम करणाऱ्यांच्याही पटकन लक्षात येत नाही. काँक्रीटची उष्णतावाहकता 1.5 वॅट प्रति मीटर-केल्व्हिनच्या आसपास, तर या फोमची 0.035 च्या आसपास. म्हणजे अडीच सेंटीमीटर फोम जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला काँक्रीटची भिंत मीटरभराहून जाड लागेल. भार पेलणे हे काँक्रीटचे काम, ऊन-थंडी अडवणे हे फोमचे. एकाकडून दुसऱ्याच्या कामाची अपेक्षा करू नये.

कॅनडातील कंत्राटदार वर्नर ग्रेगोरी याने 1960च्या दशकात फोमच्या पोकळ ठोकळ्याच्या साच्यासाठी पेटंटचा अर्ज केला. त्याच्या ठोकळ्याची लांबी 48 इंच आणि उंची 16 इंच होती. कडांना एकमेकींत बसणाऱ्या खाचा होत्या. आजही अनेक उत्पादकांचे ठोकळे याच मापाचे असतात. फोमच्या दोन पाट्या, प्रत्येकी साधारण अडीच इंच जाडीच्या, प्लास्टिकच्या आडव्या पट्ट्यांनी जोडलेल्या असतात. मधली पोकळी 4 ते 12 इंचांची. पट्ट्यांवरच्या खोबणीत आडव्या सळया बसतात, त्यामुळे बांधणीच्या तारेचे काम बरेच कमी होते.

ठोकळे रचणे हा सोपा भाग. हातकरवतीने ते कापता येतात, पांढरा भुसा बाह्यांना चिकटून बसतो. दोन माणसे दिवसभरात बरीच भिंत उभी करतात. खरी परीक्षा असते ओतकामाची. ओले काँक्रीट द्रवासारखे बाजूंना रेटते. एक मीटर उंचीच्या ताज्या मालाचा तळाशी दाब चौरस मीटरला जवळजवळ 2.4 टन होतो, आणि तो पेलणारे काय, तर फोम आणि प्लास्टिकच्या पट्ट्या. म्हणून पूर्ण उंची एका दमात भरत नाहीत. पंपाची नळी घेऊन इमारतीभोवती फेऱ्या मारतात, दर फेरीला साधारण तीन-चार फूट. पहिला थर थोडा घट्ट होऊ लागला की दुसरा. भिंतीच्या एका बाजूला उभे टेकू आणि परांची असते. अनुभवी टोळीकडे प्लायवुडचे तुकडे आणि लांब स्क्रू हाताशी तयार असतात. फोम कुठे फुगू लागला की तुकडा तिथे ठोकून बसवतात. कोपरे आणि खिडक्यांच्या कडा इथेच बहुधा घोटाळा होतो.

या पद्धतीतला सर्वांत गंभीर दोष माझ्या मते हाच की भिंत दिसत नाही. नेहमीचे शटरिंग उघडल्यावर माल कुठे पोकळ राहिला, सळई कुठे उघडी पडली, हे लगेच कळते. इथे साचा उघडायचाच नसतो. ओला माल हलवून दाबून बसवणारा व्हायब्रेटर नीट फिरला नाही, तर खिडकीखालची पोकळी फोमच्या आड दडून राहते. शंका आली तर फोमचा चौकोन कापून आत पाहावे. ही तपासणी टाळू नये. उलट बाजूने फोमचा एक मोठा फायदाही आहे: तो काँक्रीटमधले पाणी धरून ठेवतो, त्यामुळे क्युरिंग, म्हणजे ओलाव्यात मुरून घट्ट होणे, उत्तम होते. थंड प्रदेशात ताजे काँक्रीट गोठण्यापासूनही त्याने बचाव होतो.

वादळप्रवण अमेरिकेत या भिंतींना मागणी आहे. टेक्सास टेक विद्यापीठात सुमारे 6.8 किलोची लाकडी बल्ली ताशी 160 किलोमीटर वेगाने भिंतींवर झाडून चाचण्या झाल्या. काँक्रीट असलेल्या भिंतींनी तिला आत येऊ दिले नाही.

फोम स्वतः मात्र नाजूक आहे. 100 अंश सेल्सियसच्या आसपास तो मऊ पडतो आणि पेटल्यास दाट काळा धूर सोडतो. म्हणून अमेरिकेच्या नियमांनुसार खोलीकडच्या बाजूला जिप्सम बोर्डासारखे अग्निरोधक आच्छादन लागते. पेट्रोल किंवा थिनर लागला तर तो विरघळतो. तळघराला द्रावकयुक्त डांबरी लेप मारण्याची चूक इथेच महागात पडते. उन्हात पिवळा पडून त्याची भुकटी होते. विजेच्या तारांचे पीव्हीसी आवरण फोमला थेट चिकटून राहिले, तर त्यातला मऊपणा आणणारा घटक फोममध्ये शिरतो आणि आवरण ठिसूळ होते. तारा पाइपमधून नेलेल्या बऱ्या.

महाराष्ट्रात ही पद्धत अजून रुळलेली नाही, पण काँक्रीटच्या भिंतीतून आत येणाऱ्या उष्णतेचा प्रश्न इथेही आहे. मुंबई-पुण्याच्या उंच इमारतींत ‘मायवान’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम शटरिंगने विटांऐवजी पातळ काँक्रीटच्या भिंती ओततात. पश्चिमेची अशी भिंत दुपारी तापते आणि रात्रीची जेवणे उरकली तरी आतून हाताला कोमट लागते. घरांसाठीच्या इको-निवास संहितेने (2018) शीत हवामान वगळता इतरत्र भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरला 15 वॅटची मर्यादा सुचवली आहे. भारतात फोमचा वापर बहुधा वेगळ्या रूपात होतो: मधे फोम, दोन्ही बाजूंना जाळी आणि त्यावर फवारलेले काँक्रीट. इंदूरच्या ‘लाइट हाउस’ प्रकल्पात (पायाभरणी 1 जानेवारी 2021) सिमेंटमध्ये थर्माकोलचे दाणे मिसळलेल्या तयार पाट्या वापरल्या गेल्या.

विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हासाठी दोन्ही बाजूंना फोम लावण्यापेक्षा सगळा फोम बाहेरून लावणे मला अधिक योग्य वाटते. मग काँक्रीटचा जड गाभा खोलीच्या बाजूला येतो. रात्री खिडक्या उघडून तो गार केला, की दिवसा खोलीची उष्णता शोषून घेतो. दोन्हीकडे फोम असेल तर हा गाभा खोलीपासून तुटतो. बाहेरच्या फोमवर जाळी आणि गिलावा हवाच. आणि वाळवीचे भान ठेवावे. ती फोम खात नाही, पण त्यातून न दिसणारी वाट काढते. म्हणून जोत्यालगत जमिनीपासून निदान सहा इंचांची पट्टी फोमविना उघडी सोडतात, म्हणजे वाळवीच्या मातीच्या नळ्या वेळीच डोळ्यांना दिसतात.