मामांचा टीव्ही कृष्णधवल झाला तेव्हा

गिरगावातल्या चाळीत मामांकडे मराठी नाटकांच्या डीव्हीडींनी भरलेलं कपाट आहे. नवा टीव्ही भिंतीवर लागला तेव्हा जुना प्लेयर त्यांनी स्वतःच जोडला आणि मला फोन केला. "अरे, नाटक लागलंय, आवाजही येतोय, पण रंग कुठे गेले?"

जाऊन पाहिलं तर प्लेयरकडून चित्र आणणारी पिवळी पिन टीव्हीच्या हिरव्या सॉकेटमध्ये. मामांचं तिथे काही चुकलं नव्हतं. बऱ्याच नव्या टीव्हींना पिवळं सॉकेट वेगळं नसतंच, हिरवंच पिवळ्याचं आणि स्वतःचं अशी दोन्ही कामं करतं. रिमोटवर मात्र त्यांनी 'एव्ही', म्हणजे एका पिवळ्या वायरीचं चित्र, याऐवजी 'कंपोनंट', म्हणजे हिरव्या-निळ्या-लाल अशा तीन वायरींचं चित्र, निवडलं होतं. एक बटण दाबलं आणि नायिकेचा शालू हिरवागार झाला.

मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं ते कृष्णधवल. १९८२ मध्ये रंग आले, पण म्हणून घरोघरचे जुने संच भंगारात गेले नाहीत. रंगीत प्रक्षेपण त्यांच्यावर कृष्णधवल दिसत राहिलं. आपल्याकडच्या 'पाल' पद्धतीत उजेड-अंधाराचा मूळ संदेश तसाच ठेवून रंगाची माहिती ४.४३ मेगाहर्ट्झच्या लहरीवर बसवतात आणि ती त्याच संदेशात मिसळतात. पिवळ्या वायरीतून हीच मिसळ वाहते. 'कंपोनंट'च्या हिरव्या वायरीतून फक्त उजेडाची माहिती येते. रंग निळ्या आणि लाल वायरीतून वेगळे येतात. मामांच्या टीव्हीने सगळी मिसळ उजेड म्हणूनच वाचली आणि रंगाच्या लहरीचे पडद्यावर बारीक ठिपके दिसू लागले.

गंमत म्हणजे डीव्हीडीवर उजेड आणि रंग वेगवेगळेच साठवलेले असतात. पिवळ्या वायरीसाठी प्लेयर ते कालवतो, टीव्ही पुन्हा निवडत बसतो, आणि निवडताना फसतो. बारीक चौकडीच्या सदऱ्यावर इंद्रधनुष्य नाचतं ते यामुळे. प्लेयरला एचडीएमआय असेल तर ही कटकटच नाही, सगळं आकड्यांतच जातं. पण मूळ चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. फुल एचडी पडद्यावर त्याच्या पाचपट ठिपके असतात. उरलेले टीव्ही अंदाजाने भरतो. महागड्या वायरीने ते वाढत नाहीत, लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार काहीही म्हणो.

मामांना आवाज मात्र जुन्या अँप्लिफायरमधूनच हवा होता. लाल पिन उजवीकडची, पांढरी डावीकडची, एवढं त्यांना पाठ. पण त्यांनी त्या लावल्या 'फोनो'त, आणि नटसम्राट फाटक्या कर्ण्यातून बोलल्यासारखा वाटू लागला. फोनो ही तबकडीच्या सुईची जागा. सुईकडून जेमतेम काही मिलिव्होल्ट येतात, म्हणून ते तिथे कितीतरी पटींनी वाढवतात, शिवाय खर्जाला वेगळा जोर देतात. प्लेयर दोन व्होल्टपर्यंत देतो! पिना 'ऑक्स'मध्ये, म्हणजे प्लेयरसारख्या यंत्रांसाठीच्या सॉकेटमध्ये लावल्या.

आता आवाज स्वच्छ, पण मागे एक अखंड घुंsss. हा पन्नास हर्ट्झचा, म्हणजे घरातल्या विजेचाच सूर. गच्चीवरून आलेली केबलवाल्याची वायर टीव्हीत, टीव्हीची वायर प्लेयरमध्ये, प्लेयरची अँप्लिफायरमध्ये, आणि अँप्लिफायरचं अर्थिंग भिंतीत. केबलवाल्याचं अर्थिंग आणि घरातलं अर्थिंग यांच्यात किंचित जरी व्होल्टेजचा फरक असला, तरी या कड्यातून प्रवाह फिरतो आणि स्पीकरमधून ऐकू येतो. काहीजण यावर प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. तसं चुकूनही करू नये, शॉक लागून जीव जाईल. मी केबलची वायर उपसली. घुंकार तत्क्षणी बंद.

"झालं!" मामा खूश.

"आणि माझी साडेआठची मालिका?" आतून मामी.

मग केबलच्या वायरीत एक बोटभर आयसोलेटर बसवला. त्यात छोटे कपॅसिटर असतात. शेकडो मेगाहर्ट्झच्या वाहिन्या त्यांच्यातून सहज जातात, पन्नास हर्ट्झ अडतो. साडेआठला मामींची मालिका सुरू झाली, आणि मामा तिसरा अंक लावायची वाट बघत बसले.