सवाईच्या मांडवातला रुपया जातो कुठे?

डिसेंबरात पुण्यात मुकुंदनगरला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचा मांडव पडला की पैशाचे दोन हिशेब सुरू होतात. तिकिटांचा हिशेब आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वहीत जातो. दुसरा कुठल्याच वहीत नसतो. त्यात रिक्षाचं भाडं येतं, मध्यंतरातला वडा-कॉफी येते, बेळगावहून आलेल्या कुटुंबाचं लॉजचं बिल येतं, आणि सकाळ मोकळी म्हणून लक्ष्मी रस्त्यावर घेतलेली साडीही येते. पं. भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा उत्सव नफ्यासाठी नाही, पण त्याच्या अवतीभवती पैसा भरपूर हलतो. किती हलतो, हे मोजायची पद्धत अर्थशास्त्राकडे आहे. ती सोपी मात्र नाही.

अमेरिकेत ‘अमेरिकन्स फॉर द आर्ट्स’ ही संस्था दर काही वर्षांनी असा ताळेबंद मांडते. २०२२ च्या आकड्यांनुसार तिथल्या ना-नफा कलासंस्था आणि त्यांचे प्रेक्षक यांची मिळून उलाढाल १५१.७ अब्ज डॉलर होती. संस्थांनी खर्च केले ७३.३ अब्ज, प्रेक्षकांनी ७८.४ अब्ज. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा कलासंस्थांच्या हाताला लागलाच नाही, तो खाणावळी, पार्किंग आणि दुकानांकडे गेला. तिकीट सोडून माणशी सरासरी ३८.४६ डॉलर खर्च झाला. बाहेरगावच्या माणसाचा ६०.५७.

असे आकडे वाचून हुरळून जायला होतं, पण खरा हिशेब वजाबाकीचा आहे. कोथरूडच्या माणसाने नाटकानंतर जेवणावर उडवलेले पाचशे रुपये त्याने एरवी सिनेमाला जाऊन उडवलेच असते. पुण्यातला पैसा पुण्यातच एका गल्ल्यातून दुसऱ्या गल्ल्यात गेला, शहराची भर शून्य. नवा पैसा येतो तो बाहेरच्या माणसाबरोबर, आणि तोही तो खास कार्यक्रमासाठी आला असेल तरच. भाचीच्या लग्नाला आला होता आणि जाता जाता एक मैफल ऐकली, तर तो धरायचा नाही. (घरून डबा आणणारा अस्सल पुणेकर रसिक तर कुठल्याच रकान्यात बसत नाही.)

आलेला रुपया मग पुढे फिरतो. अर्थतज्ज्ञ रिचर्ड कान यांनी १९३१ मध्ये मांडलेली आणि त्याच क्षेत्रातल्या जॉन मेनार्ड केन्सनी गाजवलेली गुणकाची कल्पना ती हीच. समजा, मिळालेल्या प्रत्येक रुपयातले ४० पैसे पुण्यातच पुन्हा खर्च होतात. मांडववाला मजुराला देतो, मजूर किराणावाल्याला देतो. १ रुपया, मग ४० पैसे, मग १६, मग साडेसहाच्या आसपास... अशी बेरीज १ रुपया ६७ पैशांवर थांबते. ४० ऐवजी ६० पैसे गावात राहिले, तर तीच बेरीज अडीच रुपयांवर जाते. म्हणून सगळं अडतं गळतीपाशी. कोलकात्याच्या गायकाची बिदागी त्याच्याबरोबर कोलकात्याला जाते. त्याच्यामागे वाजणारा तानपुरा मिरजेचा असतो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पुण्यापुरती रेघ ओढली तर तानपुऱ्याचे पैसे गळाले, महाराष्ट्राभोवती ओढली तर घरातच राहिले. रेघ कुठे ओढली हे न सांगता कोणी कोट्यवधींचा आकडा तोंडावर फेकला, तर मी तो बाजूला ठेवतो.

इतकी उलाढाल होते, तर या संस्थांना देणग्या का लागतात? १९६६ मध्ये विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी याचं उत्तर दिलं. कारखान्यात यंत्र सुधारलं की त्याच तासात माल जास्त निघतो आणि पगार वाढवता येतात. विलंबित ख्यालाला मात्र पूर्वी लागायचा तेवढाच वेळ आजही लागतो. तबलजी, प्रकाशयोजनाकार, ध्वनिव्यवस्थावाले यांना महागाईप्रमाणे पैसे द्यावेच लागतात, मैफलीची ‘उत्पादकता’ मात्र जागच्या जागी राहते. ही तूट निव्वळ तिकिटांतून भरायची, तर तिकीट परवडेनासं होतं. मग प्रायोजक शोधावे लागतात, देणग्या मागाव्या लागतात, आणि बिनपगारी कार्यकर्ते तर लागतातच. त्यांच्या श्रमापोटी रुपया हलत नाही, म्हणून उलाढालीच्या आकड्यात ते शून्य.

पुण्यात हे शून्य फार मोठं आहे. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा भरवते. भरत नाट्य मंदिरात ‘अरे आवाज कुणाचा’च्या आरोळ्या उठतात, त्याआधी महाविद्यालयांची पोरं कित्येक आठवडे तालमी करतात, पदरमोड करून. उलाढाल म्हणाल तर चहा-वडापावची. पण मराठी रंगभूमी, मालिका आणि सिनेमातले कितीतरी अभिनेते, लेखक, दिग्दर्शक याच तालमींतून गेले. त्यांची कमाई पुढे मोजली जाते मुंबईच्या खात्यात. प्रशिक्षणाचा खर्च एका शहराचा, उत्पन्न दुसऱ्याचं. गायकाची बिदागी निदान दिसते तरी. ही गळती प्रेक्षकांकडून दारात फॉर्म भरून घेऊन कधीच कळणार नाही. त्यासाठी तालीम करणाऱ्या पोरांचा दहा-पंधरा वर्षं माग काढावा लागेल.