लेन्स घ्यायची तर आधी छिद्र मोजा

कॅमेऱ्याच्या दुकानात गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न मेगापिक्सेलचा असतो आणि दुसरा झूमचा. प्रकाश ज्यातून आत येतो ते छिद्र केवढं, हे सहसा कुणी विचारत नाही. लेन्सची किंमत, तिचं वजन आणि रात्रीच्या आरतीत ती कामाला येणार की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी त्या छिद्रावरच ठरतं.

उत्तर लेन्सच्या कडेवर छापलेलं असतं, ‘५० मिमी १:१.८’ असं काहीतरी. पहिला आकडा फोकल लेंग्थचा (ती जितकी जास्त, तितकं दृश्य जवळ दिसतं), शेवटचा एफ-नंबर. पहिल्याला शेवटच्याने भागा. ५० भागिले १.८, म्हणजे जवळजवळ २८ मिमी व्यासाचं छिद्र. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ची किट लेन्स ५५ मिमीवर नेली की एफ ५.६वर येते, तिचं छिद्र जेमतेम १० मिमी. फोनच्या मुख्य लेन्सचं ४ मिमीच्या आसपास. पक्ष्यांसाठीच्या ४०० मिमी एफ ५.६ लेन्सचं ७१ मिमी, आणि क्रिकेटच्या सीमारेषेबाहेर दिसतं ते ४०० मिमी एफ २.८चं धूड घेतलं तर १४३ मिमी. या शेवटच्या दोघींची फोकल लेंग्थ एकच. व्यास मात्र दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. एवढी मोठी भिंगं बिनचूक घासायची तर काच जास्त, मेहनत जास्त. पहिली लेन्स सव्वा किलोत भागते, दुसरी तीन किलोच्या घरात जाते आणि तिच्या किमतीत एखादी छोटी गाडी येईल.

एफ-नंबर लहान तितकं छिद्र मोठं. १.४, २, २.८, ४, ५.६, ८ ही मालिका विचित्र वाटते, पण दर पायरीला प्रकाश बरोबर निम्मा होतो. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलतं आणि १.४ हे २चं वर्गमूळ, एवढीच त्यातली गोम.

हा हिशोब आता घरात आणू. चवथीला गोव्यातल्या निम्म्या कॅमेऱ्यांवरची धूळ झटकली जाते. गणपतीच्या वर माटोळी बांधलेली असते: नारळ, सुपाऱ्यांचे घोस, आंबाडे, चिबूड, रानातून शोधून आणलेली नाना फळं. दिवे लावलेले, घुमट या मातीच्या वाद्यावरची आरती रंगात आलेली. आपल्या डोळ्यांना खोली लख्ख वाटते. पण भर दुपारच्या उन्हात सुमारे १ लाख लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो आणि रात्री दिव्यांच्या उजेडात घरात असतो शंभरच्या आसपास. फरक हजारपटीचा! डोळा आणि मेंदू मिळून तो आपल्यापासून लपवतात. कॅमेऱ्यातल्या सेन्सरला, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चकतीला, ती कला अवगत नाही.

अशा खोलीत आयएसओ, म्हणजे मिळालेला प्रकाश कॅमेऱ्याने किती वाढवून दाखवायचा तो आकडा, १६०० ठेवून किट लेन्स ३५ मिमीवर लावली, तर ती एफ ४.५ देते आणि शटर सुमारे १/२५ सेकंद उघडं ठेवावं लागतं. तेवढ्या वेळात घुमटावर पडणाऱ्या बोटांचा फोटोत नुसता धुरळा होतो. त्याच जागी एफ १.८ची ३५ मिमी लेन्स सहापट प्रकाश घेते आणि शटर १/१६०वर येतं. वाजवणाऱ्याचा चेहरा स्वच्छ मिळतो, बोटांची टोकं तेवढी किंचित हललेली. मला तर ती तशीच आवडतात. लेन्समधलं कंपनरोधक तंत्र इथे कामाचं नाही, कारण ते आपल्या हाताचा कंप थोपवतं, वाजवणाऱ्याचा हात थोपवत नाही.

मग आयएसओच वाढवला तर? फोटो उजळतो खरा, पण आयएसओ प्रकाश वाढवत नाही, मिळाला तेवढाच मोठा करून दाखवतो. प्रकाश फोटॉनच्या रूपाने, पावसाच्या थेंबांसारखा अनियमित येतो. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० फोटॉन पडणार असतील तर प्रत्यक्षात त्यात शंभरेकांची कमी-जास्त होते, म्हणजे १ टक्का. १०० फोटॉन पडणार असतील तर दहाएकांची, म्हणजे १० टक्के. ही कमी-जास्त नेहमी संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. अंधारातल्या फोटोत दिसणारे रवाळ ठिपके बरेचसे तिचेच. कॅमेरा कितीही महाग असला तरी निसर्गाचा हा हिशोब त्याला चुकवता येत नाही. त्याला जास्त फोटॉन मिळवून देणं तेवढं आपल्या हातात असतं.

माटोळीचं गणित उलटं आहे. ती हलत नाही. तिथे भलं मोठं छिद्र नडतंच. ३५ मिमी लेन्सने एफ १.८वर तीन मीटर अंतरावर फोकस केला, तर खोलीत जेमतेम अर्धा मीटर पट्टा नीट स्पष्ट येतो. मूर्ती स्पष्ट आली तर पुढे लोंबणारी फळं पुसट होतात. कॅमेरा ट्रायपॉडवर चढवावा, एफ ८ ठेवावं, आयएसओ १०० ठेवावा आणि शटर दोन सेकंद उघडं ठेवून निवांत फोटो काढावा. किट लेन्सनेही तो उत्तम येतो. विषय हलतो की स्थिर आहे, हे आधी ठरवलं तर पुष्कळ पैसे वाचतात.

‘पहिली प्राइम (झूम नसलेली) लेन्स ५० मिमीचीच घे’ हा सल्ला तुम्हालाही मिळाला असेल. ती स्वस्त असते हे खरं. पाउल रुडोल्फ यांनी १८९६ साली झाइस कंपनीत तयार केलेल्या प्लॅनार रचनेत छिद्राच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखीच भिंगं आहेत, त्यामुळे एका बाजूचे काही दोष दुसरी बाजू पुसून टाकते. पुढच्या बहुतेक स्वस्त पन्नाशींचं मूळ हेच. पण नवशिक्याच्या कॅमेऱ्यात बहुधा २३.५ मिमी रुंदीचा एपीएस-सी सेन्सर असतो. त्यावर ५० मिमी लेन्स तीन मीटरवरून फक्त १.४ मीटर रुंदीचं दृश्य पकडते, ३५ मिमी लेन्स २ मीटरचं. माटोळीसकट गणपती हवा असेल तर पन्नाशी घेणाऱ्याला पाठीमागची भिंत पाडावी लागेल.

आता घराबाहेर. रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की चोडण बेटावर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, १.७८ चौरस किलोमीटरची खारफुटी. इथे आल्यावर प्रत्येकाला मोठ्या लेन्सचा मोह होतो. छोटा खंड्या डोळ्यांसमोर आणा: लांबी १७ सेंटीमीटर, बसला आहे १५ मीटरवरच्या फांदीवर. ४०० मिमी लेन्स सेन्सरवर त्याची प्रतिमा साडेचार मिमीची पाडते. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवर त्या साडेचार मिमीत साधारण ११५० पिक्सेल बसतात, म्हणजे डोळ्यातली चमक आणि मानेवरची पिसं मोजता येतील इतके. किट लेन्सच्या ५५ मिमीवर त्याच खंड्याच्या वाट्याला १६० पिक्सेल येतात. फोटोत निळा ठिपका दिसतो आणि तो खंड्या आहे हे आपण सांगावं लागतं.

फुलफ्रेम कॅमेऱ्याच्या नावाने उसासे टाकणाऱ्यांनी पुढचं गणितही करून पाहावं. त्याचा सेन्सर ३६ मिमी रुंद. पिक्सेल तेवढेच २४ मेगा असतील तर ते विरळ पसरतात, आणि त्याच लेन्सने, तेवढ्याच अंतरावरून खंड्याच्या वाट्याला सुमारे ७५० येतात. शिवाय खंड्याच्या प्रतिमेवर पडणारा प्रकाश दोन्हीकडे सारखाच, कारण तो लेन्सच्या छिद्राने ठरवलेला आहे. मोठा सेन्सर आजूबाजूची खारफुटी जास्त दाखवतो, इतकंच. लग्नाचे किंवा रंगमंचावरचे फोटो काढणाऱ्यासाठी तो जरूर उपयोगी आहे. पक्ष्यांसाठी तेच पैसे लेन्समध्ये घातलेले बरे.

पक्षी उडाला की शटरचा प्रश्न येतो. ताशी ३६ किलोमीटरने जाणारा पक्षी १/५०० सेकंदात २ सेंटीमीटर सरकतो, १/२००० सेकंदात ५ मिमी. स्वच्छ उन्हात एफ ५.६ आणि आयएसओ ४००वर १/३२०० सेकंद आरामात मिळतो, म्हणून हिवाळ्यातल्या चोडणला साधी टेलीफोटो, म्हणजे लांब फोकल लेंग्थची, लेन्स पुरते. मोलेच्या दाट झाडीत हेच यंत्र हात टेकतं.

आणि कुठलीच लेन्स जिच्यापुढे चालत नाही ती म्हणजे हवा. ओहोटीला उघडी पडलेली चिखलाची मैदानं दहा वाजेपर्यंत तापतात. तापमान १ अंशाने वाढलं की हवेचा अपवर्तनांक, म्हणजे ती प्रकाश किती वाकवते तो आकडा, दशलक्षांशाच्या आसपास बदलतो. ऐकायला क्षुल्लक, पण शंभर मीटर लांबीच्या अशा खळबळत्या हवेतून पाहिलं की पक्ष्याची कड थरथरते. ६०० मिमी लेन्स ही थरथर आणखी मोठी करून दाखवते. उपाय स्वस्त आहे: भरती-ओहोटीचं वेळापत्रक. भरतीचं पाणी चढू लागलं की चिखलात चरणारे पाणपक्षी काठाकडे सरकतात. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते. सूर्योदयानंतरच्या दोन तासांत पाणी चढणार असेल असा दिवस गाठायचा. अंतर निम्मं झालं तर ४०० मिमी लेन्स ८०० मिमीचं काम करते, आणि मधली हवाही निम्मी होते.

अंतरावरून आठवलं. ‘टेलीफोटो लेन्स दृश्य चपटं करते’ असं सर्रास म्हटलं जातं. करतं ते अंतर. मंगेशीच्या सात मजली दीपस्तंभापुढे कुणाला उभं करा. तुम्ही त्या माणसापासून २ मीटरवर आणि दीपस्तंभ २० मीटरवर असेल, तर स्तंभ दहापट लांब, म्हणून दबलेला दिसतो. तेवढेच १८ मीटर मागे या: माणूस २० मीटरवर, स्तंभ ३८वर. आता तो दुपटीहूनही कमी लांब आहे आणि माणसामागे भव्य उभा राहतो. लेन्सने फक्त चौकट कापली. झूमची रिंग फिरवण्याआधी पाय वापरून पाहावेत ते यासाठी.

फिल्टरमध्ये एकच आवर्जून घ्यावा, पोलरायझर. पावसाळ्यात सत्तरी तालुक्यातल्या रानात प्रत्येक पान ओलं असतं आणि त्यावर आभाळाची पांढरट तकाकी असते. परावर्तित प्रकाश बराचसा ध्रुवीभूत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असतो. फिल्टर योग्य कोनात फिरवला की ती तकाकी जाते आणि खालचा हिरवा रंग बाहेर येतो. संगणकावर नंतर हे जमत नाही. पाण्यासाठी नेमका कोन डेव्हिड ब्रूस्टर यांच्या १८१५च्या नियमाने मिळतो: पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंश. शेताच्या बांधावर उभं राहिल्यास पायांपासून साधारण दोन मीटरवरचं पाणी आरपार दिसतं, दूरचं चमकतच राहतं. फिल्टर खराब आहे असं समजून परत करायला जाऊ नका.

यूव्ही फिल्टर समुद्राच्या खाऱ्या तुषारांपासून काच वाचवतो, डिजिटल कॅमेऱ्यात त्याचं दुसरं काम नाही. दीपोत्सवाला तो काढून ठेवावा, नाहीतर प्रत्येक दिव्याचं भूत चौकटीत दुसरीकडे उमटतं. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. असे वीस पृष्ठभाग असलेल्या झूम लेन्समधून निम्म्याहून कमीच पार जाईल! १९३५ साली झाइसमधल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ थर चढवून हे परावर्तन मारण्याची युक्ती काढली, म्हणून आजच्या झूम लेन्स शक्य झाल्या. मॅग्नेशियम फ्लोराइडचा असा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका असतो.

आणि गोव्यातली बुरशी नेमका हाच थर खाते. जून ते सप्टेंबर कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरतात, त्यांतून झिरपणारी आम्लं थर आणि मग काचही कोरतात. तंतू पुसता येतात, कोरलेलं भरून येत नाही. चामड्याची सुबक पिशवी सर्वांत वाईट, ती ओल धरून ठेवते. घट्ट झाकणाचा स्वयंपाकघरातला डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढ्याने भागतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की ११०-१२० अंशांवर ओव्हनमध्ये तासदोन तास तापवावं, ते पुन्हा कामाला लागतं. ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) परवडत असेल तर तिसऱ्या लेन्सच्या आधी ते घ्या.

एसीचं दुखणं वेगळं. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन जमू लागते तो, २६ अंशांच्या आसपास असतो. २४ अंशांच्या गाडीतून काढलेली लेन्स त्याहून थंड, त्यामुळे बाहेर येताच तिच्यावर पाणी जमतं, आतल्या भिंगांवरसुद्धा. कॅमेरा गाडीतच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि उतरल्यावर वीसेक मिनिटं तसाच राहू द्यावा. पाणी पिशवीवर जमेल. पुसायच्या घाईत लेन्स बदलू नये.

जुनी लेन्स घेणाऱ्याने मोबाइलचा टॉर्च बरोबर न्यावा. छिद्र पूर्ण उघडून एका टोकाकडून तिरका उजेड टाकायचा आणि दुसऱ्या टोकाकडून आत पाहायचं. धुळीचे चार कण चालतील, त्यांचा फोटोवर परिणाम होत नाही. फांद्या फुटलेले तंतू किंवा दुधाळ डाग दिसले तर लेन्स परत द्यावी. मग फोकस आणि झूमच्या रिंगा सावकाश फिरवून कान द्यायचा. किनाऱ्यावर वापरलेल्या लेन्समध्ये वाळू शिरलेली असते आणि ती करकरते. अशा लेन्सची किंमत विकणाऱ्याने कितीही उतरवली तरी दुरुस्तीचा खर्च आपल्याच खिशातून जाणार असतो.